वीजकामातील प्रमाणविचार
न्यायदर्शनात ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी सफल कृती ही आहे. दिसलेले पाणी प्याल्यावर तहान भागली, तर ते पाणीच होते. वीजकामात अनुभवाला थोर मानणारे नकळत हीच कसोटी लावतात. छत्रपती संभाजीनगरचेच पाहा: तिथे १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत मात्र तारा ओढण्या-जोडण्याचे काम आयटीआय झालेले किंवा उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले वायरमन करतात, आणि त्यांनी जोडलेली मोटर चालते.

पण अर्थिंग नसलेली मोटरही वर्षानुवर्षे चालते. अर्थिंगची गरज बिघाड होईल तेव्हाच पडते. तोवरच्या यशातून ते आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. ‘न्यूट्रलला शॉक लागत नाही’ हाही असाच अनुभवाने पक्का झालेला नियम. न्यायाच्या परिभाषेत या व्याप्तीत, म्हणजे नियमात, उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, दडलेली आहे. अग्नी तिथे धूर, हे सरपण ओले असेल तरच खरे; तसा हा नियम न्यूट्रल अखंड आहे तोवरच. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल तुटला आणि भार असमान असला, तर कमी भाराच्या फेजवर २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळपास दाब चढू शकतो. तुटलेल्या तारेचे भाराकडचे टोक तर जीवच घेऊ शकते. हे चुकत चुकत शिकता येत नाही. इथे अनुमानाने, म्हणजे कागदावरच्या गणिताने, अनुभवाच्या आधी यायलाच हवे.

पुस्तकी नियमही उपाधीतून सुटत नाहीत. छत्रपती संभाजीनगर बसाल्ट खडकावर वसले आहे. वरचा मातीचा थर कुठे जाड, कुठे जेमतेम. पावसाळ्यात मोजलेला अर्थ पिटचा रोध एप्रिल-मेमध्ये वाढतो, कारण माती सुकते. काळी असेल तर भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. सूत्रात मातीची रोधकता एका अक्षराने दाखवतात. कोणत्या पिटमध्ये उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते, हे त्या आवारात राबलेल्यालाच ठाऊक असते.

राहिले शब्द हे प्रमाण, म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह माणसाचे, सांगणे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले: वस्तू साक्षात जाणलेला आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा. २०२३ चे केंद्रीय वीज सुरक्षा विनियम परवानाधारक कंत्राटदार आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक मागतात, ते योग्यच आहे. पण वात्स्यायनाच्या लक्षणात पदवी नाही आणि वयही नाही. पॅनेलच्या जळक्या वासावरून ढिले टर्मिनल ओळखणारा वायरमन त्या जोडणीपुरता आप्त आहे. त्याच पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह काढणारी नवखी अभियंता त्या आकड्यापुरती आप्त आहे, आणि तिथे वायरमनच्या तीस वर्षांच्या अनुभवाला मत नाही.