पस्तिसावा अंश

ज्या वस्तूचा जन्मच मुळी माणसे मारण्यासाठी झाला, तिची लहानशी, निरुपद्रवी आणि देखणी प्रतिकृती घडविण्यात कोणी आपले महिनेच्या महिने वेचले, तर त्या श्रमांना साधना म्हणावे की विस्मृतीचा एक सभ्य प्रकार, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. परंतु दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुळवून त्यांवर गंज, चिखल आणि गोळ्यांचे ओरखडे रंगविणाऱ्या मंडळींचे काम जवळून पाहिले, की तो तितकासा पोरकट राहत नाही. ही मंडळी खेळणी करीत नाहीत. खेळण्याला सत्याची चाड नसते. यांना ती इतकी असते, की बुरुजावरचे एखादे कडे एका कारखान्याचे आणि चाके दुसऱ्या कारखान्याची लागली, तर सारे काम उसकटून पुन्हा मांडायला ती मागेपुढे पाहत नाहीत.

उदाहरणादाखल सोव्हिएत रशियाचा टी-३४ घेऊ. १९४१ साली जर्मन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या तेव्हा खारकोवचा रणगाड्यांचा कारखाना यंत्रांसह आणि कारागिरांसह रेल्वेगाड्यांत घालून उरल पर्वताच्या पूर्वेकडील निझ्नी तागील येथे हलविण्यात आला, आणि तेथून व तशाच इतर कारखान्यांतून जे रणगाडे बाहेर पडले त्यांच्या अंगावर घाईच्या खुणा उघड दिसत होत्या: ओतीव बुरुजाची कातडी खडबडीत, साच्याच्या सांध्यावरची रेघ न कानसलेली, वेल्डिंगचे वळ जाडेभरडे, आणि रबराचा तुटवडा पडल्यामुळे कित्येकांची चाके निव्वळ पोलादाची. या घाईत कामचुकारपणा नव्हता. स्टालिनग्राडमध्ये तर रणांगणच कारखान्याच्या दाराशी येऊन ठेपले होते, आणि ज्याच्यावाचून रणगाडा चालू शकतो ते प्रत्येक काम टाळणे हेच तेथे शहाणपण होते. आता आपला प्रतिकृतिकार काय करतो पाहा. पेटीतून निघालेला गुळगुळीत बुरूज समोर ठेवून तो पातळ केलेली लांबी ताठ केसांच्या कुंचल्याने त्यावर टिपून टिपून बसवितो, ती वाळली की पॉलिशपेपरने हलकेच घासतो, सांध्यांवर लांबीची सुताएवढी वळी बसवून सुरीच्या टोकाने तिच्यावर ओळीने चंद्रकोरी उमटवितो. आणि अशा रीतीने ज्या कामगाराला श्वास घ्यायला उसंत नव्हती, त्याच्या उतावळीची नक्कल करण्यासाठी दुसरा एक माणूस कित्येक निवांत संध्याकाळी सुखासमाधानाने खर्ची घालतो. या विसंगतीला हसणे सोपे आहे. मला मात्र तिच्यात त्या अनामिक कामगाराच्या हाताची काहीशी उशिरा घेतली गेलेली दखल दिसते.

तथापि एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही, कारण प्रतिकृतीत कामगाराचा हात टिकतो, तसे रणगाड्याचे भय टिकत नाही. वैशेषिकांनी परिमाण आणि गुरुत्व यांची गणना द्रव्याच्या गुणांत केली, ती किती मार्मिक होती हे येथे पटते. या छंदात सर्वत्र रूढ झालेले माप म्हणजे मूळ वस्तूचा पस्तिसावा अंश. हे माप कोणा शास्त्रज्ञाने ठरविले नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली, तिच्या पोटात मोटार आणि बॅटरीचे सेल मावावेत इतपत तिचा आकार ठेवला, आणि मागाहून हिशेब केला तेव्हा तो साधारण पस्तिसावा भरला. सेलच्या जाडीवर एका कलेचा शिरस्ता ठरावा ही गंमतच; पण ज्या शहरात हे घडले, तेच शहर १९४५ च्या जूनमध्ये अमेरिकन विमानांच्या बॉम्बवर्षावात जळाले होते, हे लक्षात आले की गंमत किंचित गंभीर होते. असो. लांबी पस्तिसाव्या अंशावर आणली म्हणजे ४५ मिलिमीटरचे चिलखत सव्वा मिलिमीटरच्या घरात येते, आणि घनफळ सुमारे त्रेचाळीस हजारपटीने घटते. म्हणजे २६ टनांचा टी-३४ पोलादाचाच केला, तरी तो सहाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. भयाचा मात्र पस्तिसावा किंवा त्रेचाळीस हजारावा भागही उरत नाही. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात खऱ्या रणगाड्याच्या साखळीपट्ट्याजवळ उभे राहिलेल्या माणसाला पोटात जे कालवते, त्याचा अंशही मेजावरचा वीतभर नमुना निर्माण करीत नाही.

तेव्हा भयहीन झालेल्या या शस्त्राशी रमणे निर्दोष मानावे काय? जैन परंपरेतील यशोधर राजाची कथा या बाबतीत फार कठोर आहे. अनिष्टाच्या निवारणासाठी मातेने पशुबळीचा आग्रह धरला. राजाला जीवहत्या नको होती. अखेर तोड म्हणून त्याने पिठाचा कोंबडा करून तो देवीला बळी दिला, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकांना जन्मोजन्म पशुयोनीत भ्रमण करावे लागले. सोमदेवाने दहाव्या शतकात आपल्या यशस्तिलकात ही कथा विस्ताराने सांगितली. प्रतिमेला जीव नसतो म्हणून प्रतिमेवर केलेले कर्म निर्बीज होत नाही, ते ज्या भावाने केले त्या भावाचे फळ देते, असा तिचा निर्णय आहे. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला हा भेद मानला, तर आपल्या प्रतिकृतिकाराला ‘हे तर नुसते प्लॅस्टिक’ या सबबीआड लपता येणार नाही. फळाची आशा न धरता काम करतो, हाही बचाव तोकडा पडतो. कुंचला निष्काम असू शकतो आणि तरीही नजर आंधळी असू शकते.

दुसरा बचाव रसशास्त्राचा. भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेले साधारणीकरण असे सांगते, की काव्यातले भय हे अमक्याचे, अमक्या ठिकाणचे, अमक्या वेळचे राहत नाही, म्हणून ते आस्वाद्य होते. शाकुंतलात बाणाच्या भयाने पळणारा हरिण हा त्याचा प्रसिद्ध दाखला. परंतु प्रतिकृतिकाराची सारी धडपड नेमकी याच्या उलट दिशेने चालते. त्याला रणगाडा नको असतो. अमुक पलटणीचा, अमुक क्रमांकाचा, अमुक हिवाळ्यात अमुक चिखलात रुतलेला रणगाडा हवा असतो, आणि त्यासाठी तो जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरतो. विशेषाचा हा हव्यास रसिकाचा नव्हे, दफ्तरदाराचा आहे; आणि माझ्या मते त्याच्या सुटकेची वाट, असलीच तर, या दफ्तरदारीतूनच जाते.

कारण तपशिलांचा पाठपुरावा प्रामाणिकपणे केला, तर तो पत्र्यापाशी थांबू शकत नाही. १९४१-४२ च्या टी-३४ मध्ये चार माणसे बसत. पुढे डाव्या हाताला चालक, त्याच्या समोर कललेल्या पत्र्यात त्याची झडप. उजव्या हाताला रेडिओ आणि मशीनगन सांभाळणारा, त्याच्या डोक्यावर मात्र झडप नाही, त्याने चालकामागून निघावे किंवा तळातल्या लहान दारातून खाली सरपटावे. बुरुजात दोघे, त्यांतला नायक स्वतःच तोफेचा नेमही धरणारा. आणि आरंभीच्या बुरुजांवर त्या दोघांच्या डोक्यावर मिळून एकच जड झाकण, तेही पुढच्या बाजूला उघडणारे, म्हणजे उघडले की समोरचे दिसणे बंद. ही माहिती ग्रंथांत मिळते, नाही असे नाही. पण ते झाकण चिमट्यात धरून बिजागरीवर बसविताना, आतल्या माणसाने ते कोणत्या हाताने आणि किती जोराने ढकलायचे, असा विचार ज्याच्या मनात येतो, त्याला ती निराळ्या रीतीने कळते. असा विचार सर्वांच्याच मनात येतो, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. चिलखतात घुसलेल्या गोळ्याचे भोक, त्याभोवतीची जळकी कड आणि खाली ओघळलेला गंज अप्रतिम रंगवून, त्या भोकापलीकडे कोण बसले होते याची चौकशी न करणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या कौशल्यापुढे मान तुकविताना मला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते. यशोधराच्या कथेचा निवाडा लागू करायचा तर तो येथे करावा, त्या सुबक भोकापाशी.

अमेरिकन शर्मनची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. त्याच्या ७५ मिलिमीटर तोफेच्या बुरुजात तोफ भरणाऱ्यासाठी प्रथम स्वतंत्र झडप नव्हती. बुरूज पेटला तर त्याला तोफेखालून किंवा मागून सरकून नायकाच्या झडपेपर्यंत पोहोचावे लागे. ती झडप १९४३ च्या अखेरीस आली. आपला शर्मन कोणत्या काळातला हे ठरविताना प्रतिकृतिकार या झडपेचा आधार घेतो, आणि कालनिर्णयाचा पुरावा म्हणून ती खरोखरच चोख आहे. मात्र १९४३ च्या उन्हाळ्यातला रणगाडा करायचा म्हणून तो ती झडप लांबीने बुजवून, घासून, सपाट करू लागतो, तेव्हा आपण हाताने नेमके काय बंद करीत आहोत हे त्याला विचारण्याचा अधिकार, मला वाटते, कोणत्याही धर्माला आहे.