पट्टीमागून पट्टी

कृष्णाकाठच्या एका गावात एक पैलवान होते आणि एक सुतार. सुताराला सगळे अण्णा म्हणत. पैलवानांनी उमेदीत आखाडे गाजवले होते. अण्णांनी गावातली निम्मी दारं-खिडक्या केल्या होत्या. दोघांत साम्य एवढंच की दोघांच्याही गालात दिवसभर माव्याचा तोबरा असायचा. मावा दोघांनाही सारखाच भोवला. गालातली जखम भरेना, तपासणीत कर्करोग निघाला. एकाच इस्पितळात दोघांचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ लाइट, म्हणजे रेडिएशनचे उपचार, सुरू झाले : आठवड्यातून 5 दिवस, एकूण 30 वेळा.

तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी दोघांना समोर बसवून आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या दिल्या. म्हणाल्या, “निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी जातात. ऑपरेशनचा व्रण आणि लाइट, दोन्हींमुळे जबड्याचे स्नायू आतून आखडत जातात. बसतील तेवढ्या पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. ताण जाणवला की अर्धा मिनिट थांबायचं, मग विसावा. दिवसातून चार-पाच वेळा. सोसेल तेव्हाच एक पट्टी वाढवायची.”

पैलवान हसले. “मॅडम, हजार जोर मारलेत मी. या काड्यांनी काय व्हायचंय?”

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पोलादी फूटपट्टी काढली, आरशात बघून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं आणि कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं : 31 मिलिमीटर.

तिसऱ्या आठवड्यात दोघांचं तोंड आतून सोलवटलं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. पैलवानांच्या नाकातून नळी होतीच. दूध, पेज, सूप सगळं नळीतून जात होतं. त्यांनी पट्ट्या कपाटात टाकल्या. “जेवायला लागलो की उघडेल आपोआप,” म्हणाले. अण्णांचंही तोंड तेवढंच दुखत होतं. त्यांनी मॅडमना विचारून पट्ट्या कमी केल्या, व्यायामाआधी दुखणं कमी होण्याचं औषध घेऊ लागले. पण बंद एकही दिवस ठेवलं नाही. वहीतला आकडा 31 वरून 28 वर आला, तिथे मात्र टिकला.

चार-पाच महिन्यांनी पैलवानांची नळी निघून बरेच दिवस झाले होते. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला तर तो दातांतून आत जाईना. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. दात घासायला ब्रश फिरत नव्हता, जांभई आली की कानाखाली कळ जायची. पैलवान चिडले. घरात कुणी नसताना चमच्याचा दांडा दातांत घालून त्यांनी जोर लावला. जबडा उघडला नाही. दाताचा टवका उडाला आणि गाल सुजून आठवडाभर पेजही जड झाली.

अण्णा भेटायला आले. सुजलेला गाल बघून म्हणाले, “पैलवान, तालमीत पोरगं वर्षभर आलं नाही आणि एके दिवशी येऊन हजार जोर मारतो म्हणालं, तर वस्ताद काय म्हणायचे?”

“हाकलून द्यायचे,” पैलवान पुटपुटले.

“मग चला मॅडमकडं.”

मॅडमनी मोजलं : 15 मिलिमीटर. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. “पूर्वीइतकं उघडेल असं नाही सांगत. पण आहे त्यात वाढ होईल. आणि सोडलंत तर आहे तेही जाईल, कारण हे आखडणं लाइट संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहतं.” पैलवानांनी आठ पट्ट्यांनी सुरुवात केली. कित्येक आठवडे नववी शिरली नाही. शिरली त्या दिवशी त्यांनी स्वतःची वही सुरू केली.

त्याच सुमारास अण्णांच्या वहीत उलटं घडलं. व्यायाम एकदाही चुकला नव्हता, तरी पंधरा दिवसांत आकडा 4 मिलिमीटरनी खाली आला. आता पैलवानच म्हणाले, “अण्णा, पट्ट्या राहू दे बाजूला, आधी दाखवून ये.” तोंड असं एकाएकी मिटू लागलं, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो किंवा आजार उलटलेला असू शकतो. अण्णांची दाढ किडून आत पू झाला होता. गावातच दाढ उपटून घेतली असती तर प्रकरण वाढलं असतं, कारण लाइट घेतलेलं जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. इस्पितळातल्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ न काढता उपचार केले. आकडा पुन्हा 28 वर आला.

आज अण्णा आमटीत कुस्करलेली भाकरी खातात. पैलवानांचं तोंड 23 मिलिमीटर उघडतं. मऊ भात, उपमा, शिजवून घोटलेली भाजी एवढं त्यांना जमतं. दोघांच्याही तोंडात तीन बोटं जात नाहीत, पुढे जातील असंही नाही. तालमीत येणाऱ्या पोरांना पैलवान जोर-बैठकांआधी खिसे उलटे करायला लावतात. माव्याची पुडी निघाली की पोराला घरी पाठवतात.

तात्पर्य : गरज भासत नाही आणि दुखतं, त्याच दिवसांत केलेला थोडा व्यायाम पुढचा घास राखतो. तेव्हा जे सोडलं ते नंतर जोर लावून परत मिळत नाही. पट्टीमागून पट्टी चढवूनच, मिळेल तेवढं मिळवावं लागतं. तुमच्या घरात कुणाचे लाइट सुरू असतील, तर दुखणं थांबायची वाट बघू नका. जबड्याचा व्यायाम कसा करायचा, हे आजच डॉक्टरांना विचारा.