कागदावर न उतरलेली शाई

एसटी स्टँडसमोर मामांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भाच्याने कोर्टाच्या रस्त्याला स्वतःचा गाळा घेतला. प्रिंटर मिळाला ३,५०० रुपयांना. "एवढ्यात मामांच्या मशीनची दुरुस्तीही होत नाही," असं तो सांगत सुटला आणि फोटोचा दर मामांपेक्षा कमी लावला.

गिऱ्हाइकं आली, पण महिनाअखेर गल्ल्यात काही उरेना. शाईचं काळं आणि रंगीत कार्ट्रिज मिळून १,७०० रुपये. खोक्यावर शे-दीडशे पानांचा भरवसा. पण लग्नाचे दहा-पंधरा मोठे फोटो काढले की लाल दिवा हजर. दुकानदाराने फसवलं, अशी त्याची खात्री झाली. पण खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो ठरवून दिलेल्या नमुना पानांवर मोजतात, आणि त्यांत बरीच जागा कोरी असते. लग्नाच्या फोटोत कोरं काय असणार? रात्रीचं आभाळ, नवरदेवाचा सूट, मागचा मखमली पडदा. सगळी शाईच.

मामी म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."

"मसाला निदान रश्श्यात उतरतो," मामा म्हणाले. "याची शाई कागदावर उतरते का, ते बघू."

दुसऱ्या दिवशी ते गाळा उघडायच्या वेळीच जाऊन बसले. भाच्याने भिंतीवरचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरू लागला आणि बराच वेळ थांबेना.

"हे काय चाललंय?"

"हेड साफ करतोय. रोजच करतो."

"रात्री बंद कसा करतोस?"

"भिंतीवरूनच. वीज वाचते ना, मामा!"

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की शाई फवारणारं हेड कोपऱ्यात जाऊन झाकणाखाली बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहण्याची भीती. मग शाई वाळते, नोझल तुंबतात, आणि सकाळी ती मोकळी करायला शाईच वापरली जाते. फोटोवर रेघ दिसली की भाचा वर आणखी दोनदा सफाई करायचा. मामांनी प्रिंटरचं वरचं झाकण उचलून कोपऱ्यात टॉर्च मारला. शाई टिपणारा स्पंज काळाभोर झाला होता.

"विजेचे चार रुपये वाचवलेस," मामा म्हणाले, "आणि हे रोज इथे ओतलंस."

भाचा वरमला, पण हार मानेना. "त्यापेक्षा टाकीवालाच घेतो." त्याने वाचलं होतं, की इंडोनेशियात लोक प्रिंटरला स्वतःच नळ्या जोडून बाहेरून शाई पुरवायचे, तेव्हा २०१० मध्ये एप्सनने तिथेच टाकीचा प्रिंटर विक्रीला आणला. मशीन महाग, शाई स्वस्त.

"घे की. तुझं काम बघता परवडेल. पण सफाईची शाई त्यातूनही वाया जाते, आणि बटण भिंतीवरचंच दाबशील तर काय उपयोग?"

टाकीवाला आला. त्याआधी भाच्याने भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती आणि दरपत्रक नव्याने लिहिलं होतं. पासपोर्ट फोटोचा दर तोच ठेवला, कारण मागची पांढरी जागा कागदाचीच असते, तिला शाई लागत नाही. लग्नाचे मोठे फोटो महागले. एवढं करून त्याने मामांना विचारलं, "वकिलांच्या काळ्या कोटाला जास्त पैसे लावू का?"

"लाव," मामा म्हणाले. "पण आधी गाळ्याचा करार त्यांच्याकडून करून घे."