अनिकेत : आमच्या घराचं कुलूप



आजचा श्लोक आहे गीता, अध्याय १२, श्लोक १९. भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगतायत. त्यातला एकच शब्द आज घेऊ या : अनिकेत. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही, तो अनिकेत.

खरं सांगू? या शब्दापाशी मी अडखळले. कारण गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घराशिवाय दुसरं काही नव्हतं.

श्रीवर्धनला समुद्रालगत आमचं आजोबांचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीतून पुळणीवर जाणारी पायवाट. आम्ही सगळे मुंबईत. चावी शेजारच्या काकूंकडे, देवापुढे दिवाही त्याच लावायच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊनमुळे आम्हाला निघता येईना, फोनही लागेना. काही दिवसांनी काकूंचा बाबांना फोन आला, "दादा, कौलं उडाली, पोफळी सगळ्या आडव्या झाल्या. पण देव आमच्याकडे आणून ठेवलेत. घोर करू नका."

त्यांचं स्वतःचं छप्परही अर्धं गेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

दोन पावसाळे घर ताडपत्रीखाली होतं. मग आम्ही दुरुस्ती काढली. जास्त पैसे मी घातले, कर्जही काढलं. नवे वासे, नवी कौलं, पडवीत झोपाळा, वाडीत नवी रोपं. आणि मागच्या बाजूला कंपाउंड, लोखंडी गेट, गेटला कुलूप. काकूंच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच पायवाटेने समुद्रावर जायची. पण मला वाटलं, आता घर नीट झालंय, जरा प्रायव्हसी हवी.

वास्तुशांतीच्या दिवशी काकू मोठ्या रस्त्याने वळसा घालून, दुखरे गुडघे सांभाळत आल्या. हातात रेशमी वस्त्रात गुंडाळलेले आमचे देव. "घे गं, तुमचे देव. तीन वर्षं आमच्याकडे होते, आता चुकल्यासारखं होईल." गेटबद्दल एक अक्षर नाही.

त्या रात्री नव्या घरात मला झोप लागली नाही.

अनिकेत म्हणजे घर सोडून जा, असं मी समजत होते. पण भगवंत हे अर्जुनाला सांगतायत, आणि तो काही संन्यासी नव्हता. माउलींनी इथे वाऱ्याचा दृष्टान्त दिलाय. वारा एका जागी बिऱ्हाड करत नाही. आणि पुढे ते म्हणतात, अशा भक्ताला सगळं विश्वच आपलं घर वाटतं. म्हणजे त्याचं घर काढून घेतलेलं नाही, ते मोठं झालंय! मी मात्र घर नवं केलं आणि लहान करून ठेवलं. आमचे देव तीन वर्षं दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाडाला होते. त्यांना तिथे परकं वाटलं नसेल. परकेपणा आणला तो मी.

श्लोकात अनिकेतच्या लगेच पुढे शब्द येतो स्थिरमति. माझी मती कशी होती? फरशीवर ओरखडा दिसला की चिडचिड, हवामानखात्याचा इशारा आला की धडधड. घर पक्कं झालं, मन कच्चंच राहिलं.

आता गेट आहे, कडी आहे, कुलूप नाही. दादा म्हणतो, "उद्या काही चोरीला गेलं तर?" त्याचं म्हणणं चूक नाही. घर राखायलाच हवं. पण राखणं आणि अडवणं यातली रेघ कुठे ओढायची, हे मला रोज नव्याने ठरवावं लागतं. परवा काकू कडी काढून आल्या, नव्या पोफळीला हात लावून म्हणाल्या, "धरायला वेळ लागेल हो हिला." मी म्हटलं, "मलाही!"

आजचा प्रश्न : तुमचं घर भाड्याचं वन-बीएचके असो की गावचा वाडा, त्याला तुम्ही कुलूप नक्की कुणासाठी लावलंय?

राम कृष्ण हरी!