काडतुसाचा शोध

वाडवडिलांकडून आपल्याला काय मिळाले याचा हिशेब माणूस सहसा शेत, घर आणि दागिने यांपुरता ठेवतो. पण काही वस्तू वाट्याला येताना सोबत एक प्रश्नही घेऊन येतात. अशीच एक वस्तू काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे आली.

धर्मग्रामातील एक तरुण वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने पिस्तूल घेऊन आमच्याकडे आला. जहाजावर नोकरीस असलेल्या त्याच्या पणजोबांनी ते कोठल्याशा परदेशी बंदरातून आणले होते. वडिलांच्या निधनानंतर पेटी उघडली, तेव्हा ते तळाशी सापडले. त्यावरील अक्षरे फादरांनी वाचून द्यावीत, म्हणजे त्यात कोणते काडतूस बसते ते शोधता येईल, अशी त्याची विनंती होती.

आम्हालाही मोह झाला. भिंगातून पाहिले तो एका लंबवर्तुळात ई, एल, जी ही तीन अक्षरे दिसली. बेल्जियममधील लिएज शहरात हत्यारांची चाचणी घेऊन उमटवला जाणारा हा शिक्का होय. पुढे पुस्तके चाळली तेव्हा हे पिस्तूल ‘पिनफायर’ जातीचे असल्याचे उमगले. फ्रेंच कारागीर कासिमीर लफोशे याने १८३० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. त्याचा मुलगा यूजेन याने तिला रिव्हॉल्व्हरचे रूप दिले आणि १८५८ साली ते फ्रेंच नौदलाने स्वीकारले. याच्या काडतुसाच्या कडेतून एक बारीक खिळा बाहेर आलेला असतो. घोडा त्या खिळ्यावर आदळला की आतील दारू पेटते. बुडावर आघात घेणारी काडतुसे रूढ झाली आणि ही पद्धत मागे पडली. हल्लीचे साधे काडतूस या पिस्तुलात चालणार नाही. आणि जुन्या घाटाचे काडतूस हाताने बनवून त्यात आजची जोरदार दारू भरली, तर दीडशे वर्षांचे लोखंड फुटून चालवणाऱ्याचाच हात जायचा.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा हे सारे आम्ही त्याला उत्साहाने सांगितले. तो जायला उठला आणि आमच्या ध्यानात आले, की ‘कोणते काडतूस?’ या प्रश्नात आम्ही इतके रमलो, की ‘कशासाठी?’ हे विचारलेच नाही. मग विचारले. “एकदा वाजवून पाहायचंय, फादर,” तो म्हणाला. थोडा वेळ गप्प राहून त्याने पुढचे सांगितले, “काकांशी बांधावरून वाद चाललाय. घरात चालू हत्यार आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुरे.”

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू न शकणारे जुने हत्यार आपल्या बंधनातून वगळले आहे. जे चालू शकते त्याला परवाना हवा. इंग्लंडात तर ज्यांची काडतुसे कालबाह्य झाली, अशी जुनी पिस्तुले शोभेची वस्तू म्हणून बाळगता येतात. मात्र त्यांतील काही गुन्ह्यांत वापरली जाऊ लागली, तेव्हा २०२१ साली सात प्रकारची काडतुसे त्या यादीतून काढण्यात आली. पिस्तूल तेच राहिले, पण काडतुसाच्या निमित्ताने कायद्याच्या लेखी त्याची जात बदलली.

नीतीचा विचारही येथेच सुरू होतो. पेटीत काय निघावे हे आपल्या हाती नसते, म्हणून त्याचे पापही आपल्या माथी नसते. काडतूस शोधायला बाहेर पडणे ही मात्र सर्वस्वी आपली कृती असते. घराण्याचे वैर असेच असते. आजोबांचा अपमान, वाटणीतला अन्याय, न्यायालयात हरलेला दावा हे सारे पिढ्यान्‌पिढ्या पेटीत गंजत पडलेले असते. मग लग्नघरी कोणी एक शब्द बोलतो, तो आपण नेमका उचलतो आणि त्या जुन्या नळीत बसवून पाहतो.

ख्रिस्तसभा स्वसंरक्षणाचा हक्क नाकारीत नाही. जीव वाचवण्यापुरते बळ वापरणे संत थॉमस अक्विनास यांनी वैध मानले आहे, मात्र गरजेहून अधिक नव्हे. पण आपले कारण योग्यच आहे, असे कोणाला वाटत नाही? लोयोलाचे संत इग्नेशियस मॉन्टसेराटच्या वाटेवर असताना एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली. तो पुढे निघून गेल्यावर इग्नेशियसना वाटले, की त्याला गाठून खंजीर खुपसावा. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर दुसऱ्या वाटेने गेले. हत्यार कमरेला होते आणि कारण तर पवित्र वाटत होते! पुढे १५२२ च्या मार्चमध्ये त्यांनी आपली तलवार व खंजीर मॉन्टसेराटच्या मातेपाशी ठेवून दिले.

त्या तरुणाला आम्ही आधी वकिलाकडे आणि त्याच्यासह पोलीस ठाण्यात जाण्यास सांगितले. तो गेला आणि पिस्तूल जमा झाले. बांधाचा वाद अद्याप मिटलेला नाही. काका-पुतणे रविवारी एकाच मिस्साला येतात आणि दोन बाजूंच्या बाकांवर बसतात.

भिंग घेऊन घालवलेला तो वेळ आम्हाला अजून बोचतो. दुसऱ्याच्या भांडणात ‘तुमचेच बरोबर आहे’ असे सहज बोलून आपण किती जणांना मापाचे काडतूस शोधून दिले असेल? पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण सर्वांनीच हा प्रश्न स्वतःला विचारावा. आम्ही तो विचारू लागलो आहोत.