सांधेवाल्याची तार

भांडण मिटवणाऱ्याने उभे कोठे राहावे? भांडणात सापडलेल्याला ते मिटवता येत नाही, आणि भांडणाबाहेरच्याला ते नीट समजत नाही. या पेचातून सुटण्याची वाट मला एका खेळण्यात दिसली, असे सांगितले तर वाचक हसतील. खुशाल हसावे, दिवाळीचेच दिवस आहेत.

हे खेळणे म्हणजे छोटी आगगाडी. चावी दिल्यावर गोल फिरणारी नव्हे. युरोप-अमेरिकेत चांगली पोक्त माणसे खोलीभर मेजे मांडून त्यांवर खऱ्याच्या 87 पट लहान असा रेल्वेचा सगळा संसार उभा करतात. स्टेशने, पूल, बोगदे, सांधे, सिग्नल, काही म्हणून राहत नाही. पुण्यात कोथरूडला 1998 साली उघडलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्या मुलांनी पाहिले असेल, त्यांना अधिक सांगायला नको.

जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने तयार केलेली आणि अमेरिकेतल्या छोट्या रेल्वेच्या शौकिनांच्या संघटनेने 1990 नंतरच्या दशकात प्रमाण मानलेली या गाड्यांची एक डिजिटल पद्धत आहे. तीत रुळांच्या त्याच जोडीतून वीजही जाते आणि हुकूमही जातो. प्रत्येक इंजिनाला एक क्रमांक, प्रत्येक सांध्याला एक क्रमांक. हुकूम सगळ्यांच्या कानावर पडतो. ज्याचा क्रमांक असेल त्याने हलायचे. सांध्याचा हुकूम ओळखून सांधा फिरवणारी जी चिमुकली पेटी असते, तिला ॲक्सेसरी डिकोडर म्हणतात. आपण तिला सांधेवाला म्हणू.

आता गंमत पाहा. सांधा एका मार्गाला लावलेला आहे आणि इंजिन दुसऱ्या मार्गाने त्याच्यावर आले. पुष्कळ सांध्यांची रचना अशी असते, की त्या क्षणी चाकांमुळे दोन विरुद्ध रूळ एकमेकांना जोडले जातात आणि शॉर्ट सर्किट होते. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर स्वतःला वाचवण्यासाठी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच प्रवाह तोडतो. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. उपाय अगदी सोपा आहे. सांधा फिरवला की झाले! पण फिरवणार कोण? सांधेवाल्याची तार रुळांनाच जोडलेली. त्याच्याही पोटात वीज नाही. शेवटी वरून एक भला मोठा हात येतो आणि इंजिन उचलून बाजूला ठेवतो. खेळातल्या जगाला असा हात लाभतो. आपल्याला तो दर वेळी लाभेलच असे नाही.

म्हणून जाणते शौकीन सांधेवाल्यासाठी तारांची निराळी जोडी ओढतात. मात्र नुसत्या तारा निराळ्या ओढून भागत नाही. त्यांचे टोक त्याच बूस्टरला बांधले, तर रुळांबरोबर त्याही मरतात. त्यांना स्वतंत्र बूस्टर, निदान स्वतंत्र कटआउट द्यावा लागतो. आरोपीनेच नेमलेल्या चौकशी समितीची तार अशीच असते. दिसायला वेगळी, बांधलेली तिथेच.

रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. ते तेज अस्सल होते. पण ज्या गादीने त्यांना न्यायासन दिले, तिच्यावरच दोषी बसलेला होता. निवाडा झाला; सांधा मात्र जागचा हलला नाही. तो पुढे बारभाईंनी फिरवला. आपल्या राज्यघटनेने, जणू हे ध्यानात ठेवून, निराळी तार ओढली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार अशा खर्चात घातले आहेत, की त्यांवर संसदेत चर्चा करता येते, मतदान घेता येत नाही. निकाल आवडला नाही म्हणून वर्षअखेरीस पगार अडवता येत नाही.

एवढ्या उंचावर जायचेही कारण नाही. दोघा भावांत वाटणीवरून अबोला आहे. समजूत घालायला मामा येतात. मामा सज्जन आहेत, बोलतात तेही न्यायाचे. पण त्यांच्या दुकानात थोरल्याचे पैसे गुंतलेले. त्यांनी तोंड उघडताच धाकटा म्हणतो, "मामा, तुम्ही त्यांचेच!" मामा खोटे बोलले नाहीत, पण त्यांच्या शब्दातली वीज गेली.

मग शहाण्याने सगळ्यांपासून दूरच राहावे काय? तसे नाही. सांधेवाल्याची ताकद निराळ्या तारेने येते, हुकूम मात्र त्याच मुख्य यंत्राचा असतो. सांध्याला सुटे बटण लावून तो हाताने फिरवता येतो. पण मग सांधा कोणत्या बाजूला आहे, हे मुख्य यंत्राला कळत नाही. घरात ज्याचे काहीच गुंतलेले नाही असा परका मनुष्य निःपक्षपाती असतो खरा. पण थोरल्याने शिक्षण सोडून धाकट्याला शिकवले, किंवा धाकट्याच्या बायकोने आईचे दुखणे काढले, हे त्याला कुठून ठाऊक असणार? भांडण मिटवणाऱ्याचे प्रेम घरातलेच असावे. मिंधेपण तेवढे नसावे. आणि हे स्वस्तात होत नाही. उसने न मागणे, फुकटची भेट परत करणे, कोणाच्या मोठेपणाच्या सावलीत न बसणे, या तारेची किंमत अशी रोज थोडी थोडी मोजावी लागते.

आणि ही तार आधी ओढावी लागते, गाड्या सुरळीत चालल्या असताना. तेव्हा ती उगीचचा खर्च वाटते. अंधार झाल्यावर तिची आठवण येते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आज घरोघर फराळाची ताटे मांडली आहेत, भाऊ-बहिणी एकत्र जमल्या आहेत, कोणाचे कोणाशी वाकडे नाही. आपल्या घरातला सांधेवाला कोण, आणि त्याची तार कोठे बांधली आहे, हे पाहून घ्यायला याहून चांगला दिवस कोणता?