तास भरलेला भाग

मुरगुडातल्या एखाद्या गॅरेजात ट्रॅक्टर नेला, तर मिस्त्री बेअरिंग हातानं फिरवतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि म्हणतो, "आजून एक सीझन काढतंय की!" त्याचं चुकत नाही. भर फडात बेअरिंग गेलंच, तर ऊस बांधावर पडून राहील, दिवस मोडेल, चार शिव्या बसतील. जीव कुणाचा जाणार नाही.

समुद्रावर माणसं वाचवायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरला हा न्याय लागू नाही. तिथं महत्त्वाच्या फिरत्या भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत ठरवून दिलेलं असतं. तास भरले की भाग उतरवायचा, मग तो दिसायला कितीही धडधाकट असो. बदली भाग हाताशी नसेल, तर हेलिकॉप्टर जागेवरच उभं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं मुंबईजवळचा समुद्र खवळला. पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी बरेचजण गेले. गाल कन्स्ट्रक्टर हा दुसरा तराफा वाहत जाऊन पालघरच्या बाजूला रुतला. त्यावरचे सगळे १३७ जण वाचले आणि त्यांना उचलून आणण्यात तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा होता. चेतक म्हणजे मूळची फ्रेंच अलुएट-३, पहिलं उड्डाण १९५९ चं! इतकं जुनं यंत्र त्या वाऱ्यात कामाला आलं, कारण ते बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं इथंच बनवलं आणि इथंच सांभाळलं. त्या दिवशी टाळ्या वैमानिकांना मिळाल्या. त्या मिळायलाच हव्या होत्या. पण भांडारात भागांच्या तासांची नोंदवही ठेवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक असतं?

चेतकपेक्षा कितीतरी ताकदवान अशा सी किंगची गोष्ट वेगळी. नौदलानं ती घेतली ब्रिटनच्या वेस्टलँडकडून, मूळ आराखडा मात्र अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा. १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, अमेरिकेनं निर्बंध लादले आणि सुट्या भागांची वाट अडली. पैसे मोजून घेतलेली हेलिकॉप्टरं भागांवाचून उभी राहिली. सातबारा आपल्या नावावर आणि विहिरीची मोटर दुसऱ्याच्या ताब्यात, यातलाच प्रकार.

भाग दगा देतो, तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले आणि देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरं थांबवण्यात आली. बचावाचं यंत्र महिनोन्‌महिने बसून राहिलं म्हणून लोक कुरकुरले. मला तो निर्णय धाडसाचाच वाटतो. "चालतंय की" म्हणणं फार सोपं होतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलाच्या २४ सीहॉक हेलिकॉप्टरांच्या देखभालीसाठी अमेरिकेशी सुमारे ७,९९५ कोटी रुपयांचा व्यवहार झाला. त्यात सुटे भाग आले, प्रशिक्षण आलं, दुरुस्ती आली. नव्या खरेदीची बातमी पहिल्या पानावर येते, ही आतल्या पानात गेली. भाग पुन्हा त्याच देशाकडून येणार आहेत, हे खरंच. पण काही भागांच्या दुरुस्तीची आणि ठरावीक मुदतीच्या तपासणीची सोय भारतातच उभी करायची, हेही त्यात आहे. १९९८ ज्यांना आठवतं, ते आकड्याआधी तेवढी ओळ शोधतील.